चार भोकांचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे आणि माझ्या अंगाला चार भोकं आहेत. लोक येतात, भोकांत बोट घालतात आणि हसतात. म्हणून ती कशी पडली ते आज एकदाच सांगून टाकतो. गोड आवाजात सांगेन अशी आशा ठेवू नका. मला राग आहे, आणि तो गिळायची माझी तयारी नाही.

माझा जन्म स्कॉटलंडमधला. एका कारागिराने लाकडाची फळी वाफेवर वाकवून माझा घेर केला, दोन्ही तोंडांवर वासराच्या कातड्याची पानं चढवली आणि तागाच्या दोराने मला आवळलं. त्या दोरावर चामड्याच्या सोळा पट्ट्या आहेत. वाजवणारे त्यांना कान म्हणतात. कान खाली ओढले की पान ताणतं, वर सरकवले की सैल पडतं. माझं सगळं सुखदुःख त्या सोळा कानांत आहे, हे ध्यानात ठेवा.

ब्रिटिश सैन्याच्या एका बॅगपाइप पथकाबरोबर मी जर्मनीत आलो. पुढे ते सैनिक परत गेले आणि मी राहिलो वोल्फ्सबुर्गपासून अर्ध्या तासावरच्या आइखेनबेक नावाच्या लहानशा गावात. तिथल्या जुन्या सभागृहात वर्षभर काही ना काही चालू असतं. मे महिन्यात सजवलेला खांब उभारतात, ऑगस्टमध्ये मैदानावर स्कॉटिश खेळ, मग सुगीचा सण आणि नोव्हेंबरअखेर स्कॉटलंडच्या संत अँड्र्यूचा उत्सव. स्कॉटलंड जन्मात न पाहिलेले प्लंबर आणि विमा एजंट चौकड्यांचे किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे घागरे, घालून ओंडके फेकतात, आणि काय तो रुबाब! मला त्यांचं हसू यायचं, पण आवडायचंही. हौसेला मोल नसतं.

मला वाजवायचा उलरिश. गावचा बेकर. पिठाने पांढरी झालेली मनगटं, बोलणं जेमतेम. पण कार्यक्रम संपला की बाकीचे बिअरकडे पळायचे आणि हा बिअरचा रिकामा क्रेट उलटा टाकून माझ्याशेजारी बसायचा. एकेक करून सोळाही कान वर सरकवायचा. पाऊस असो, पाहुणे असोत, एकदाही चुकला नाही. वीस वर्षं! कोणी त्याला शाबासकी दिली नाही. टाळ्या वाजवताना असतात, सैल करताना नसतात.

मग आला भास्कर.

भास्कर पुण्याचा इंजिनियर, गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा. बायको मालिनी, तीही पुण्याचीच. दोघांची ओळख ढोलपथकात झालेली. आमच्या फेराइनचं, म्हणजे मंडळाचं पत्रक वाचून तो एक दिवस सरावाला आला, आणि मला पाहून त्याचा चेहरा असा उजळला की मीच लाजलो. आजूबाजूला कोणी नसलं की तो माझ्याशी मराठीत बोलायचा. "काय राव, कसे आहात?" असं विचारायचा. माझं मराठी त्याच्याकडूनच शिकलेलं, तेव्हा चूकभूल झाली तर त्याला धरा. मला तरी त्याच्यावर चिडायला आणखी एक कारण मिळेल.

२००७ चा ऑगस्ट. स्कॉटिश खेळांच्या दिवशी सकाळपासून पावसाची रिपरिप. ओल लागून माझी पानं भिजल्या पापडासारखी झाली. उलरिश मारतोय, आणि आवाज येतोय फदफद. लोक हसायला लागले. तेव्हा भास्कर पुढे झाला.

"उलरिश, मी ओढू का? आमच्याकडे गणपतीत असाच पाऊस असतो."

उलरिशने मला त्याच्या हवाली केलं. भास्करने मला आडवं घातलं, माझ्या घेराला पाय लावला आणि सोळाही कान असे काही ओढले की माझी हाडं कडकडली. मग पाय लागला म्हणून मला हात लावून तो कपाळाला लावला. मित्रांनो, सैन्यात बूट खाल्ले, इथे बिअर अंगावर सांडून घेतली, पण मला नमस्कार कोणी केला नव्हता. मी विरघळलो. आणि त्या दिवशी असा घुमलो, असा घुमलो, की मैदानापलीकडचे घोडे माना वर करून बघायला लागले! वाजवत होता भास्कर. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

पावसात उभं राहून उलरिशची कंबर धरली होती. निघताना त्याने क्रेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तू जा," भास्कर म्हणाला. "कान मी सोडतो."

"नक्की?"

"जा, जा. गेनाऊ, अगदी नक्की."

उलरिश गेला. आणि भास्कर? फोटो काढून घ्यायला गेला. मग सॉसेज खायला. मग कोणीतरी त्याला किल्ट नेसवला, त्याचे फोटो. शेवटी कौतुकाने फुगलेला तो आला, मला उचलून कोठीत नेऊन ठेवलं, पाठीवर थाप मारली आणि दिवा घालवून गेला. सोळा कान तसेच ताणलेले!

का विसरला, तेही सांगतो. पुण्याच्या पथकात वाजवणारे वेगळे आणि ढोल सैल करून गोदामात ठेवणारे वेगळे. तिथे शशिकांतदादा म्हणून कोणी होते, ते सगळं बघायचे. भास्करने आठ वर्षं ढोल वाजवला, पण ताण एकदाही उतरवला नाही. ते काम आपोआप होतं, असं त्याच्या अंगवळणी पडलेलं. आपोआप! मला हा शब्द ऐकला की चीड येते.

उलरिशची कंबर बरी नव्हती, म्हणून त्या वर्षी सुगीच्या सणाला मला कोणी बाहेर काढलंच नाही. ऑक्टोबरमध्ये हाइत्सुंग, म्हणजे खोल्या तापवायचं यंत्र, सुरू झालं. गरम पाण्याचा नळ माझ्या कुशीला. हवा कोरडी, पान रोज आकसतंय, दोर सोडायला तयार नाही. मी ओरडू कसा? मला वाजवल्याशिवाय आवाज नाही. एका सकाळी माझं डावं पान मधोमध टरकन फाटलं.

संत अँड्र्यूच्या उत्सवाला आठवडा असताना कोठी उघडली. सभागृहाच्या व्यवस्थापक फ्राऊ, म्हणजे श्रीमती, ब्रांडेस, उलरिश, भास्कर आणि मंडळाची चार माणसं. फ्राऊ ब्रांडेसनी मला पाहून सुस्कारा टाकला.

"आल्झो... हे बघ, उलरिश," त्या म्हणाल्या, "सत्तरी झाली तुझी. हे काम आता तुला झेपत नाही."

उलरिशने भास्करकडे पाहिलं. नुसता थांबला. एक शब्द पुरे होता, मित्रांनो. फक्त 'मी'. पण भास्कर खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. ती नाडी सुटलेलीच नव्हती! खालून मला स्वच्छ दिसत होती.

उलरिशने खिशातून मला वाजवायच्या दोन दांड्या काढल्या, खुंटीला टांगल्या आणि निघून गेला.

पान फाटलं त्याचा राग मला दोन दिवसांत गेला असता. कातडंच ते, फाटतं. पण त्या नाडीचा राग अजून गेलेला नाही.

पुढे माझं काय झालं, ऐका. उत्सवासाठी प्लास्टिकचा नवा ढोल आणला आणि फ्राऊ ब्रांडेसच्या सुताराने माझ्या अंगाला चार भोकं पाडून चार पाय ठोकले. फाटकी बाजू खाली, धड बाजू वर. टेबल! ज्याच्या आवाजावर पलटणी चालल्या त्याच्यावर गरम वाइनचे कप. कपांची ओली वर्तुळं पानावर उमटत होती आणि लोक म्हणत होते, "किती छान कल्पना!" मेल्यांनो, तुमच्या आजोबांच्या पाठीवर ठेवा ना कप!

त्या संध्याकाळी मालिनी आली. दारातच मला पाहून थबकली. कप बाजूला सारून तिने पानावर हात ठेवला, मग तो हात दोरावर गेला. सोळाही कान अजून खाली ओढलेलेच होते. पथकात वाढलेली पोरगी ती, तिला सांगायला लागलं नाही. भास्कर किल्ट घालून मिरवत आला, तशी ती मराठीत, हलक्या आवाजात पण दातओठ खात म्हणाली,

"हा ढोल शेवटी कोणी ओढला होता?"

"मालिनी, इथे नको."

"इथेच. कळतंय कोणाला? ऑगस्टमध्ये तू ओढलास. सैल कोणी केला?"

भास्कर किल्टचा पट्टा सारखा करायला लागला.

"आणि सगळे दोष देताहेत उलरिशला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"अगं, चार वर्षं मी ऑफिसच्या कँटीनमध्ये एकटा जेवलो. पहिल्यांदा कोणी आपलं म्हटलं. हे सांगितलं असतं तर..."

"तर पुन्हा एकटा पडला असतास. म्हणून त्या म्हाताऱ्याला एकटा पाडलास. लाज नाही वाटत?"

शाब्बास पोरी! माझी दोन्ही पानं धड असती तर मी आपणहून घुमलो असतो.

भास्करचं नाव पुकारलं गेलं. तो मंचावर गेला, प्लास्टिकच्या ढोलाचा पट्टा गळ्यात अडकवला आणि तसाच उभा राहिला. मग पट्टा काढला. त्याचं जर्मन ऑफिसात बरं चालतं, इथे पार मोडलं. पण सांगितलं. "उलरिशने विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, मी ढोल सैल केला नाही, आणि ठपका त्याच्यावर आला तेव्हा मी गप्प बसलो." फ्राऊ ब्रांडेस आपल्या कपात बघत बसल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे फार बरं झालं.

रविवारी त्याने माझे चारही पाय काढले, मला गाडीत मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं आणि मालिनीला घेऊन उलरिशकडे गेला. उलरिशने दार उघडलं, आत या म्हणाला नाही. माझ्या भोकांवरून त्याने बोट फिरवलं. चारही.

"पुन्हा वाजवायचंय तुला?" त्याने भास्करला विचारलं.

"हो."

"वर्षभर वाजवायचं नाही. फक्त कान सोडायचे."

एवढं बोलून त्याने मला आत घेतलं आणि दार लावलं.

हिवाळ्यात त्याने मला नवं पान चढवलं. मे महिन्यात मी पुन्हा उभा राहिलो. भोकांमुळे आवाजात आता एक घरघर असते, पूर्वीसारखा घुमत नाही, आणि कधी घुमणारही नाही. उलरिश वाजवायचा, लोक नाचायचे. संपल्यावर सगळे बिअरकडे पळायचे, आणि क्रेट उलटा टाकून भास्कर बसायचा. सोळा कान, एकेक करून.

आता उलरिशची कंबर पार गेली आहे. तो खुर्चीवर बसून ऐकतो, वाजवतो भास्कर. लोक मला विचारतील, केलंस का रे त्याला माफ? नाही. भोकं भरली का, की मी माफ करू?

मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. वाजवायला हजार हात येतात. ज्याच्या जिवावर टाळ्या घेतल्यात, त्याचा ताण टाळ्या संपल्यावर आपल्या हाताने उतरवा. ते आपोआप होत नसतं. आणि विसरलात, तर त्याच दिवशी 'मी विसरलो' म्हणा, बुटाची नाडी बांधू नका.

परवा सुगीच्या सणानंतर भास्करने सोळा कान सोडले, दिवा घालवला, दार लावलं. मग पुन्हा दार उघडलं, दिवा लावला आणि पहिल्यापासून सोळाही कान हाताने चाचपले. दर वेळी असंच करतो. मला ठाऊक आहे सैल आहेत, त्यालाही ठाऊक आहे.

चाचपू दे मेल्याला.