एकमताने कोपऱ्यात

माझे किडे म्हणजे काड्यापेटीएवढे, चाकांवर पळणारे रोबो. प्रत्येकाला एकच डोळा, आणि अक्कल एवढीच की उजेड वाढला का कमी झाला. पण एकमेकांना विचारत विचारत सगळे मिळून दिवा शोधतात. शेजाऱ्याला विचारून प्रत्येकाला नवीन माहिती किती मिळाली, ते मोजणं हे माझं काम. आज समितीसमोर ते दिव्यापाशी पोचले तरच माझ्या नोकरीला मुदतवाढ, नाहीतर घरी बसायचं.

आमच्या सरांना एकमताचं भारी वेड. "समितीला शिस्त दिसली पाहिजे," असं म्हणत त्यांनी कालच मला किड्यांचं शेजाऱ्यावर विसंबणं वाढवायला लावलं. इतकं, की स्वतःच्या डोळ्याला कोणी विचारेना. मी घसा फोडून सांगितलं, पण ऐकतंय कोण!

व्हायचं तेच झालं. किडे झोकात रांगेने निघाले आणि दिव्याकडे पाठ करून कपाटामागच्या कोपऱ्यात घुसले. सरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून अध्यक्षांनी, अध्यक्षांचं बघून उरलेल्या दोघा सदस्यांनी.

"वा! प्रयोग यशस्वी," अध्यक्ष म्हणाले.

तोंड बंद ठेवलं असतं तर काम फत्ते होतं. पण माझं डोकं फिरलं.

"दिवा तिकडे आहे," मी म्हणाले. तिघेही सरांकडे बघू लागले. "एकमेकांकडे बघू नका! डोळे मिटा. ज्यांना प्रयोग यशस्वी वाटला त्यांनी हात वर करा. सर, तुम्हीसुद्धा."

एवढी मोठी माणसं, पण मुकाट्याने डोळे मिटून बसली. अध्यक्ष फटीतून बघत होते, त्यांना दटावावं लागलं.

एकही हात वर आला नाही. सरांचासुद्धा!

"किती?" अध्यक्षांनी विचारलं. खरं काय ते मला एकटीलाच माहीत होतं.

"एकही नाही."

"हुश्श! मला वाटलं, मला एकट्यालाच काही कळलं नाही." अध्यक्षांनी डोळे उघडले. "मग आम्ही टाळ्या कशाला वाजवल्या?"

"किड्यांचंही तेच झालं. सगळ्यांनी एकमेकांचं ऐकलं, दिव्याकडे कोणी पाहिलंच नाही. नवीन माहिती शून्य."

अध्यक्षांनी मान डोलावली. "मुदतवाढीचंही असंच ठरवू. समितीने डोळे मिटायचे. सर, तुम्ही हात मोजा. बाई, तुम्हीही मिटा."

मी डोळे गच्च मिटले. नोकरी गेली तर आईला काय सांगायचं, हे सुचत नव्हतं.

"चार," सर म्हणाले.

समितीत माणसं तीनच होती.