पालखीखालची जागा

डॉक्टर नोएमी आर्रिवियागा सुरीला हात लावत नसे. पाठ, मान, गुडघे ती सुईनं आणि व्यायामानं बरे करायची. म्हणूनच एव्हेरार्दो सामायोआ तिला डॉक्टर मानत नव्हता. पण गुड फ्रायडे जवळ आला की हा लोखंडी सामानाचा दुकानदार न चुकता तिच्याच दारात. येशूच्या पालखीला खांदा द्यायचा ना! साऱ्या अँतिग्वा शहरात आपल्यासारखा मानकरी नाही, असं तो स्वतःच सांगत फिरायचा.

“एक सुई टोचा आणि मोकळं करा,” तो म्हणाला. “यंदा गेलो नाही तर जागा गेली. मग हे असले मिरवणार!”

‘हे असले’ म्हणजे जावई, ताडमाड रिगोबेर्तो. पालखीखाली सासऱ्याच्या मागेच चालायचा. आता सासऱ्याची पिशवी सांभाळत भिंतीला टेकून उभा होता. असल्या मेंगळट माणसांची नोएमीला चीडच यायची.

एक्स-रेत मणके दबलेले दिसत होते. तिनं एव्हेरार्दोला उंचीच्या पट्टीखाली उभं केलं आणि स्वतःच्याच कपाळाला हात लावला. जुन्या नोंदीपेक्षा माणूस चांगला चार बोटं खचला होता.

“पालखी विसरा. आणि काय हो, खांद्याच्या उंचीवरून जागा देतात ना? तुमचं माप कधी घेतलं होतं?”

“माझ्या लग्नाच्या वेळी. परत कशाला घ्यायचं? बुटक्यांच्या रांगेत घालतील!”

“मग पालखीचा दांडा तुमच्या खांद्याला टेकतो तरी का?”

एव्हेरार्दो दुसरीकडे बघू लागला. पाठदुखीचं केवढं कौतुक सांगायचा हा बाबा, आणि इतकी वर्षं दांड्याखालून नुसता मिरवत होता!

“तुम्हाला ठाऊक होतं?” तिनं जावयाला विचारलं.

“मागे मीच असतो, डॉक्टरीणबाई. न कळायला काय झालं?”

एव्हेरार्दोचा चेहरा पडला. “बुटक्यांच्यात उभा राहतो मग,” तो पुटपुटला. “खरा भार घेतो.”

तिला क्षणभर त्याची कीव आली. “तिथे मणका मोडेल, अंथरुणाला खिळाल. त्यापेक्षा जुन्याच जागी जा. तिथे तुम्हाला कसला धोका? सुईसुद्धा नको.”

आता तरी लाज वाटेल, असं तिला वाटलं होतं. कसली लाज! त्यानं सदरा खोचला, छाती पुढे काढली.

“ऐकलंस? डॉक्टरीणबाईंची परवानगी आहे,” असं जावयाला सुनावून तो ऐटीत बाहेर पडला.

रिगोबेर्तो तिथेच थांबला. त्यानं दार लोटलं आणि शर्टाची बटणं काढून दांड्यानं घट्टे पडलेला खांदा तिच्यापुढे केला.

“मग ती सुई मला टोचा,” तो म्हणाला.