आत किती, बाहेर किती

मित्रांनो, मी एक जुना खटक्या आहे. हसू नका. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पेटीवर 'हाताने मोजण्याचे यंत्र' असं भारदस्त नाव छापलेलं होतं. पण ज्या पोहण्याच्या तलावावर माझं आयुष्य गेलं, तिथे एवढं लांबलचक कोण बोलणार? माझा आवाज खट् असा येतो म्हणून सगळे मला खटक्या म्हणू लागले आणि तेच चिकटलं.

मी मुठीत मावतो. अंग पोलादाचं, मागे बोट अडकवायला कडी आणि पुढे चार छोट्या खिडक्या. अंगठ्याने खटका दाबला की आकडा एकाने पुढे सरकतो. एवढंच माझं काम. मागे सरकणं मला येत नाही. बाजूची कळ फिरवली तर एकदम शून्य होतं, पण झालेला एक आकडा पुसता येत नाही.

एका पेटीत आम्ही दोन भाऊ आलो. तलावाच्या राखणदारांनी मला उजव्या हातात घेतलं आणि भावाला डाव्या. आत जाणारा माणूस मी मोजायचा, बाहेर येणारा भावाने. वेळ संपली की दोन्ही हात समोर धरून ते आकडे जुळवायचे. एकाचा जरी फरक पडला तरी शिट्टी वाजवायचे आणि पाण्याच्या कडेकडेने तळ बघत चालायचे. मग न्हाणीघरं, मग कपडे बदलायच्या खोल्या. एकदा एक जाडजूड आजोबा टॉवेलांच्या ढिगामागे घोरत पडलेले सापडले होते. बाहेर लोक कुरकुरत होते की आता दार लावा आणि घरी जाऊ द्या. राखणदारांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मोजणी जुळल्याशिवाय दार लावायचं नाही."

बावीस वर्षं असं चाललं आणि बावीस वर्षांत आत कोणीही राहिलं नाही. तलावाचे साहेब पाहुण्यांना आम्हा दोघांना दाखवायचे. मी फुगून जायचो. पोलाद फुगत नाही म्हणतात, पण मी फुगायचो.

एका दुपारी राखणदार आम्हा दोघांना बोटांत अडकवूनच भिंतीवरच्या घड्याळाची काच पुसायला शिडीवर चढले. फरशी ओली होती. शिडी सरकली आणि त्यांचं डोकं तलावाच्या कठड्यावर आपटलं. मी त्यांच्या मुठीतच राहिलो. भाऊ हातातून उडाला, जाळीवर आपटला आणि गटारात गेला. तो पुन्हा सापडला नाही. माझ्यावर त्या दिवशी एकशे चौसष्ट आकडा होता. त्याच्यावर किती होता, हे आता कधीच कळणार नाही.

अठरा दिवस त्यांनी डोळे उघडले नाहीत. मग उघडले, मग बसू लागले आणि तीन महिन्यांनी घरी आले. सगळ्यांना वाटलं, सुटलो. डॉक्टरांनी मात्र वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं की मेंदूचा जो भाग माणसाला आवरून धरतो, त्यालाच मार बसलाय. वहिनी म्हणजे राखणदारांची बायको. तलावावर सगळे त्यांना वहिनी म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो.

आवरून धरणं म्हणजे काय असतं, ते घरी गेल्यावर कळलं. चमचा पडला की ताट भिंतीवर. शेजारी रेडिओ लागला की आरडाओरडा, आणि अशा शिव्या, ज्या या माणसाच्या तोंडून कोणी कधी ऐकल्या नव्हत्या. पाण्यात पडलेला किडासुद्धा ओंजळीने बाहेर काढणारा हा माणूस वहिनींना ढकलायला लागला. पंधरा वर्षांची लेक स्वतःच्या खोलीला आतून कडी लावून बसायची. एकेकाळी बाबांच्या पाठीवर बसून ती पोहायला शिकली होती.

वहिनी त्यांना घेऊन वर्तणुकीवर उपचार करणाऱ्या मॅडमकडे गेल्या. मॅडम भल्या बाई. त्यांच्या कपाटात मोजमापाचे नाना तऱ्हेचे कागद होते. एकावर चाळीस प्रश्न, एकावर रुग्णाचा दिवस कसा जातो ते, एकावर घरच्यांचे हाल. पण वहिनींचे डोळे बसता बसता मिटत होते. आणि रुग्णालयाच्या महिन्याच्या बैठकीत मोठे डॉक्टर एकच आकडा वाचायचे. म्हणून मॅडमनी सगळ्यात सोपं ते निवडलं. आठवड्यात राग किती वेळा उसळला, तेवढं मोजा. आठ आठवड्यांत आकडा दहाच्या खाली आला तर राखणदार घरी राहतील. नाही आला, तर त्यांना बंद दारांच्या संस्थेत ठेवावं लागेल. तिथे भेटायला महिन्यातून एकदा जाता येतं.

मोजायचं म्हटल्यावर वहिनींना मी आठवलो. तलावावरून आलेल्या पिशवीत मी चपला आणि शिट्टीबरोबर पडून होतो. मला बाहेर काढलं तेव्हा मी इतका खूश झालो की विचारू नका. पुन्हा काम! कसलं काम ते मला मूर्खाला कुठे ठाऊक होतं?

पहिल्या आठवड्यात एक्केचाळीस. तलावावर आकडा मोठा झाला की कौतुक व्हायचं. इथे दर खटक्याला वहिनी डोळे मिटून घ्यायच्या. आणि मित्रांनो, त्याहून वाईट गोष्ट मला सांगायलाच हवी. राखणदार माझा आवाज ओळखत होते. त्यांच्या कानाला खट् म्हणजे कोणीतरी आत आलं. ते धडपडत उठायचे, "कोण आलं? कोण आत आलं?" म्हणून खोल्या शोधायचे. कोणी सापडत नसे. मग पुन्हा राग उसळायचा आणि वहिनी पुन्हा मला दाबायच्या. म्हणजे जो राग मी मोजत होतो, त्यातला काही मीच पेटवत होतो. त्या दिवसांत मला गटारातल्या भावाचा हेवा वाटायचा.

मग वहिनींनी दाबणं कमी केलं. एप्रनच्या खिशात अंगठा खटक्यावर टेकलेला असायचा, पण खाली जायचा नाही. चौथ्या आठवड्यात बावीस, पाचव्यात नऊ, सहाव्यात सहा. घरात काचा फुटतच होत्या. मी खोटं बोलत होतो आणि मला तोंड नव्हतं.

बैठकीत आनंदीआनंद झाला. केवढी सुधारणा! मोठ्या डॉक्टरांनी वहिनींची पाठ थोपटली. आणि राखणदार सुधारले म्हणून आठवड्यातून तीन दिवस घरी येणारी मदतनीस बंद केली. तिची गरज दुसऱ्या घरी जास्त होती. वहिनींनी खरं सांगावं तर नवरा बंद दाराआड जाणार. न सांगावं तर त्या घरात दोन हातांनी एकटीने सगळं झेलायचं. परतताना बसमध्ये त्यांनी मला खिशात इतकं घट्ट धरलं होतं की माझ्या कडीचा वण त्यांच्या तळव्यावर उमटला.

सातव्या आठवड्याच्या शेवटी एका सकाळी कपाट आडवं झालं. वहिनी मध्ये पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

प्लास्टर घातल्यावर लेकीने आईला आणि बाबांना सरळ मॅडमच्या खोलीत नेलं. मला टेबलावर आपटलं आणि शेजारी आपली शाळेची वही उघडून ठेवली. दाराआडून ऐकून तिने पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

"यावर या आठवड्याचे सहा दिसतायत. मी मोजले ते त्रेपन्न आहेत."

वहिनी रडायला लागल्या. मॅडमनी चष्मा काढून ठेवला.

"चूक तुमची नाही हो," त्या वहिनींना म्हणाल्या. "मी असा आकडा मागितला, जो खरा सांगितला की शिक्षा होते. कोण सांगेल?"

राखणदार खिडकीशी बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. आठ महिन्यांत कोणीच विचारलं नव्हतं. ते उठले, टेबलाजवळ आले आणि त्यांनी मला उचललं. तोच अंगठा. मला उलटंपालटं करून त्यांनी टेबलावर आणखी काही शोधलं.

"दुसरा कुठाय?"

"अहो, काय हवंय तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"दुसरा. बाहेरचा." शब्द त्यांना एकेक करून सापडत होते. "तू आत जाणारेच मोजतेस. बाहेर कोण मोजतंय?"

"मी आत जातो, रागात. मला कळतं," ते म्हणाले. "बाहेर येतो तेव्हा तिथे कोणी नसतं."

मॅडमनी वही पुढे ओढली. त्या दिवशी मोजमाप नव्याने ठरलं, आणि पहिल्यांदाच ते राखणदारांना विचारून ठरलं. राग उसळला की लेकीने वहीत रेघ मारायची, आवाज न करता. आपलं आपण शांत झाल्यावर राखणदारांनी मला दाबायचं. खटका स्वतःच्या अंगठ्याखाली असला की त्या आवाजाने ते दचकत नसत. कोणी औषध देऊन किंवा धरून शांत केलं, तर ते बाहेर येणं धरायचं नाही. आणि ते बाहेर येतील तेव्हा घरातलं एक माणूस नजरेच्या टप्प्यात हवं. तर मित्रांनो, जन्मभर आत जाणारे मोजत आलेला मी, म्हातारपणी भावाच्या कामाला लागलो.

पहिला आठवडा भयंकर गेला. आत अठ्ठेचाळीस, बाहेर पाच. पुढचा एक्कावन्न आणि अकरा. त्याच्या पुढचा सत्तेचाळीस आणि एकोणीस. कधी ते दाबायचं विसरायचे. कधी मलाच भिंतीवर फेकायचे, माझी एक खिडकी तेव्हाच तडकली. वहिनींच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं काही कमी झाली नाहीत.

बैठकीत मोठ्या डॉक्टरांनी पहिलाच आकडा वाचला. सत्तेचाळीस. "हा तर कमी झालेला नाही," ते म्हणाले आणि संस्थेचे कागद पुढे सरकवले. मॅडम दुसरा आकडा समजावून सांगू लागल्या. डॉक्टर घड्याळ बघत होते. तेव्हा वहिनी उठून उभ्या राहिल्या. त्यांचा एक हात गळ्यात बांधलेला होता.

"बावीस वर्षं हे एकच वाक्य बोलत आले, तेच मी बोलते. मोजणी जुळल्याशिवाय दार लावायचं नाही. एकोणीस वेळा हे एकटे बाहेर आलेत. अठ्ठावीस अजून आत आहेत. तुम्ही दार लावायला निघालात."

कागद फाडले गेले नाहीत. सहा आठवड्यांसाठी बाजूला ठेवले गेले. मदतनीस मात्र परत मिळाली. एवढंच पदरात पडलं आणि आम्ही घरी आलो.

त्यातले चार आठवडे गेले. माझी स्प्रिंग आता सैल झाली आहे, खटका दोनदा दाबावा लागतो. मी तुम्हाला काय सांगणार? तुम्ही मोठे व्हाल, माणसांचं काही ना काही मोजाल. तेव्हा आधी त्या माणसाला विचारा की काय मोजू. माझ्यासारख्या यंत्राला दाबाल तेवढंच दिसतं. आणि कोणी आत अडकलं असेल, तर दारापाशी थांबा. हे मी विनवून सांगतो.

आज दुपारी कप फुटला. राखणदार पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत जाऊन बसले आहेत. ते डोकं गुडघ्यात खुपसून घोगऱ्या आवाजात ओरडत आहेत. लेकीने वहीत रेघ मारली. पूर्वी ती आपल्या खोलीत जाऊन कडी लावायची. आज ती उंबरठ्यावर बसली आहे आणि वहिनी तिच्या शेजारी.

मी राखणदारांच्या मुठीत आहे. अंगठा खटक्यावर आहे. अजून दाबलेला नाही. दार उघडं आहे आणि आम्ही थांबलो आहोत.