सोनूबाईच्या अंबाड्यातलं पेन

कोळंबीच्या कालवणात भुसा निघाला तेव्हा गुणवंतीने ताट बाजूला सारलं आणि कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासून खपून केलेलं कालवण, आणि वर तरंगतंय काय, तर फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा!

"अहो!" तिने पडवीकडे तोंड करून हाक मारली. पडवीत लेथ मशीन घरघरत होतं. त्यात तिची हाक कुठली ऐकू जायला!

दत्ताराम बंदर खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा सर्वेशने डोंबिवलीहून फोन करून विचारलं, बाबा, वेळ कसा जातो? न विचारता तर फार उपकार झाले असते. बाबांनी मोबाइलवर कुठल्याशा माणसाला लाकडाची पेनं करताना बघितलं होतं. तसं त्यांनी लेकाला सांगितलं, आणि लेकाने टेबलावर मावेल एवढं मशीन धाडून दिलं. झालं! पाठवणारा तिकडे सुखात, आणि इकडे नाचणे गावातल्या घरात भुसा झाडत बसलीय ही. भुसा पापडाच्या डब्यात, भुसा उशीच्या अभ्र्यात, देवाच्या निरांजनातसुद्धा भुसा.

बरं, पेनं तरी घरात ठेवावीत! छे. डॉक्टरला पेन, दूधवाल्याला पेन, भाट्ये गावाच्या वाटेवरच्या रिक्षावाल्याला पेन. सून दिशाला तर दोन. आत पितळेची नळी नको, काही नको, टोपणसुद्धा अस्सल लाकडाचं, असं लोकांना थांबवून थांबवून सांगायचे आणि हातात पेन कोंबायचे.

आणि या घरात रोज हातात पेन धरणारं माणूस कोण? गुणवंती! दुपारी पेपरातलं शब्दकोडं सोडवल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे, आणि ते ती सोडवायची मेडिकलवाल्याने फुकट दिलेल्या बॉलपेनाने, ज्यावर खोकल्याच्या औषधाची जाहिरात होती. नवऱ्याच्या हातचं एक पेन तिला हवं होतं. फार हवं होतं. पण मागणार? मेली तरी मागणार नव्हती. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला पेन मागून घ्यावं लागत असेल तर जळ्ळं मेलं ते पेन.

तेवढ्यात दारात सोनूबाई आली. दर्याची मासळी पावसाळ्यापुरती बंद, म्हणून हल्ली खाडीचं काय मिळेल ते पाटीत घालून ती दारोदार फिरायची. पाटी उतरवायला ती वाकली, आणि गुणवंतीला तिच्या अंबाड्यात खोचलेलं काहीतरी पिवळंधमक दिसलं.

"ते काय गो डोक्यात?"

"पेन, वैनी! दादांनी दिलंनी. केस बघा कसे घट्ट राहतात."

सोनूबाईला अक्षर म्हणून येत नव्हतं. गुणवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघू," म्हणून तिने पेन जवळजवळ उपसूनच काढलं आणि टोपण ओढलं. निघेना. पिळलं, दातात धरलं, तरी निघेना.

"ते उघडत नाही वैनी," सोनूबाई हळूच म्हणाली. "कोणाचंच उघडत नाही. रिक्षावाला परवा सांगत होता, डॉक्टरांचं पण तसंच. पण दादांना नका सांगू हां. एवढ्या हौसेने देतात, मन मोडायचं त्यांचं."

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक, आणि गावभर 'छान, छान' चाललंय! गुणवंतीला हसू यायला हवं होतं, पण आला तो संताप. सोनूबाईला पेन परत देऊन ती तडक पडवीत गेली आणि मशीनचं बटण खाडकन बंद केलं.

"काय गो, काय झालं?" चष्म्यावर भुसा, भुवयांत भुसा, असे दत्ताराम वळले.

बोलायचं होतं टोपणाबद्दल, बोलली भलतंच. "त्या सोनूबाईला पेन! तिला! आणि मी कोण? मला एक द्यावंसं वाटलं नाही तुम्हाला?" आवाज चिरकला तिचा, आणि त्याचाही तिला राग आला.

फळीवरून दत्तारामांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि तिच्यापुढे उघडला. आत पेनंच पेनं. शिवणीच्या, आंब्याच्या, खैराच्या लाकडाची.

"सगळी तुझीच. म्हणजे तुझ्यासाठी केलेली. एक जाड झालं, एक वाकडं वाटलं. प्रत्येकात काहीतरी राहूनच जातं. आणि तू नावं ठेवणार."

"मी?"

"नाहीतर कोण? पोहे केले तर मीठ जास्त, भिंतीला रंग काढला तर फिका. बाकीचे काय, दिसलं की छान म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही. तू छान म्हणालीस तर छान." आणि शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून ते उभे राहिले.

गुणवंतीने त्यातलं शिवणीचं पेन उचललं. हातात असं बसलं की तिला सोडवेना. दोन बोटांनी टोपण ओढलं. जागचं हललं नाही.

ते बघत होते. एक शब्द बोलायचा होता फक्त. अख्खं गाव बोलून मोकळं झालं होतं तो, 'छान'.

"निघत नाही," ती म्हणाली.

त्यांनी ते घेतलं, पंच्यात धरून पिळलं, तोंड लाल होईस्तोवर पिळलं. मग दुसरं. मग तिसरं.

"लाकूड नीट सुकवलंत कुठे तुम्ही? पावसाने फुगलंय. घराची दारं दर पावसाळ्यात तासून घेता, आणि एवढं कळू नये?"

"म्हणजे बाकीच्यांचीही..."

"सगळ्यांचीच."

दत्ताराम स्टुलावर बसले. "कोणी बोललं नाही गो मला."

"मी आहे ना बोलायला!"

डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला, भुसा अजूनच फासला, आणि डबा तिच्याकडे सरकवला.

"अजून काय काय चुकलंय?"

गुणवंतीने पाटावरचा भुसा पदराने झटकला आणि त्यांच्या समोर बसली.

"जाडीपासून सुरुवात करते," ती म्हणाली. "नीट ऐका."