सोमवारची बैठक

टेबलावरच्या काचेच्या गोळ्यात एक बुडबुडा अडकला होता – वर जायला निघालेला आणि मध्येच थिजलेला – आणि साखरबाई त्याच्याकडेच पाहत होती, म्हणजे मग साहेबांकडे पाहावं लागत नव्हतं.

वीजघराच्या बांधकामावर कामगारांचं म्हणणं ऐकायला म्हणून कमिटी नेमली होती. बायकांनी तिचं नाव दिलं – देवाधर्माची बाई, खोटं बोलायची नाही. सांगायचं एवढंच होतं, की घमेली घेऊन वर चढायच्या फळीला कठडा बांधा. परवा जिवलीचा पाय घसरला होता, पोटातल्या जिवासकट... हाताला बांबू लागला म्हणून वाचली.

"हं, बोला बाई," साहेब म्हणाले.

समोर मुकादम नागोराव. सकाळी कुणाला काम द्यायचं नि कुणाला घरी पाठवायचं, ते तोच ठरवायचा. ओठांवर हसू, नजर तिच्यावर.

तिचा सोमवार होता. दिवेलागणीपर्यंत मौन, सगळ्या कामावर ठाऊक होतं. पण सकाळी बैठकीचा निरोप आला तेव्हा छातीवरचं ओझं उतरलंच की! बरं झालं, सोमवार आहे – हे आपणच मनाशी म्हणालो ना, पिंडीवर पाणी घालता घालता? खिडकीतून ती फळी दिसत होती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी मौन मोडलं नसतं... बोट पदराखाली तसंच पडून राहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचं.

"मौन आहे तिचं, साहेब," नागोराव म्हणाला. "महादेवाला सोडून तुमच्याशी कशाला बोलेल ती?"

सगळे हसले. साहेबही. पुढचा विषय निघाला.

दिवे लागल्यावर जिवली झोपडीच्या दाराशी आली. "काय बोलला सायेब, मावशी?"

"काही नाही." दिवसातला पहिला शब्द. "माझं मौन होतं."

"तर काय! नाय तर तू सोडतीस काय त्याला? सायबाचं नशीब, सोमवार होता!" जिवली पोट सावरत हसली. "बुधवारी हाय ना परत बैठक? तवा बोल. तवर मी चढेन हलूहलू."

ती गेली. समुद्राकडून वारा येत होता, निरांजन थरथरत होतं. साखरबाईने हात जोडले – क्षमा मागण्यासाठी, असं तिला वाटलं होतं. पण मन भलतीकडेच वळलं... बुधवार कुणाचा? श्रावणात बुध-बृहस्पती असतात, पण एरवी? बुधवारीही मौन धरतात का कुणी बायका? – आणि आपण काय शोधतो आहोत हे कळताच तिचे जोडलेले हात गार पडले. देवापुढे ती एकटी बसली नव्हती. किती वर्षं कुणास ठाऊक, तिची भीतीही तिच्याशेजारी अशीच हात जोडून बसत आली होती.