मान हलवणारे सर्जेराव

तनुजाने बोर्ड उचलून गॅलरीच्या दाराबाहेर मांडला. तिनेच रंगवला होता. 'कर्णबधिरांसाठी चित्रांची फेरी, खुणांच्या भाषेत. रविवारी अकरा वाजता.' सव्वाअकरा झाले होते. हा तिसरा रविवार. आधीचे दोन रिकामे गेले होते, आणि आजही एक तरी कर्णबधिर माणूस आला नाही तर कंपनी फेरी बंद करणार होती.

मांजरी गावाजवळच्या या आयटी कंपनीने तळमजल्यावर गॅलरी काढली आणि चित्रं निवडायला तनुजाला घेतलं. बहिरी चित्रकार, पेपरात फोटो छान येतो. फेरी मात्र तिचा हट्ट होता. "जाहिरात माझ्यावर सोडा," असं पीआरवाला सौरभ म्हणाला होता.

"जाहिरात कुठे केली, कळलं का?" कल्याणीने हातांनी विचारलं. ती तनुजाची दुभाषी.

तनुजाने भुवई उचलली.

"रेडिओवर. आणि नावनोंदणीला फोन करा म्हणे!"

तनुजा हसली. हसू फार टिकलं नाही. शाळेतल्या बहिऱ्या मैत्रिणींना तिने स्वतः एसएमएस केले होते. एकीने उलट लिहिलं होतं, 'तू आता ऐकणाऱ्यांच्यातली झालीस.' ऐकणाऱ्यांना हे अजून कुणी कळवलं नव्हतं.

तेवढ्यात टोपी सारखी करत एक म्हातारा आत आला.

"सर्जेराव मी. पोरगा वर कामाला हाय. सुट्टीचं बी बोलावत्यात. तवर बसू का हितं?"

"बसा की. नाहीतर चित्रंच बघा," कल्याणी म्हणाली आणि हात भिंतीकडे केला.

तनुजा हातांनी सांगत गेली, मागून कल्याणी तेच बोलत गेली. सर्जेराव मान हलवत होते. वाक्य संपायच्या आधीही. कल्याणी हसली की हसत होते, पण जरा उशिरा. तनुजाला ती मान ओळखीची वाटली.

"हे चित्र एका म्हशीने काढलंय," तिने खूण केली.

कल्याणीने तिच्याकडे रोखून बघितलं, पण तसंच बोलली.

"वा वा," सर्जेराव म्हणाले. "झ्याक."

कल्याणीने ओठ दाबून हसू आवरलं. तनुजाला हसू आलं नाही. शाळेत बाई फळ्याकडे तोंड करून शिकवायच्या आणि ती पहिल्या बाकावर अशीच मान हलवत बसायची. दहा वर्षं.

फेरी संपल्यावर तिने सौरभने दिलेला फॉर्म पुढे केला. नाव, गाव, आणि खाली: कर्णबधिर, हो किंवा नाही. सर्जेरावांनी बोट ठेवून वाचलं. मग पेन दाबून 'नाही'वर गोल केला.

"मला चांगलं येतं ऐकू," ते जरा मोठ्यानेच म्हणाले.

"दुसरा फॉर्म भर," कल्याणीचे हात भराभर हलले. "त्यांचंच नाव, 'हो'वर गोल. कोण तपासतंय? फेरी वाचेल."

तनुजाने कोरा फॉर्म हातात घेतला. थोडा वेळ धरला. मग गठ्ठ्यात परत ठेवला आणि सौरभला एसएमएस केला: 'आज शून्य.'

लगेच उत्तर आलं. 'ओके. मग बंद करू. सॉरी हं.'

तिने ते कल्याणीला दाखवलं. कल्याणी बोर्ड आत आणायला बाहेर गेली.

सर्जेराव अजून उभेच होते. कल्याणी दाराबाहेर जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. मग तनुजासमोर आले, टोपी काढली आणि तिच्या हातांकडे बोट केलं. शब्द त्यांनी सावकाश, एकेक करून उच्चारले. तिला ओठांवरून नीट वाचता आले.

"ह्यात 'परत सांग' असं कसं म्हनायचं?"

तनुजाने त्यांना खिडकीजवळ उजेडात नेलं, स्वतः समोर उभी राहिली आणि करून दाखवलं.

त्यांनी एकदा जिन्याकडे नजर टाकली. कुणी उतरत नव्हतं. मग दोन्ही हात वर घेतले.