आधी डिग्री

लासुर्ण्याचे सर्जेराव तसे सरळ माणूस, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली. त्यांची कौसल्या गणित-फिजिक्स घेऊन बारावी झाली, त्याच सुमारास बारामतीला विमान शिकवायची सोय निघाली. पोरगी म्हणाली, "आबा, मला वैमानिक व्हायचंय." सर्जेराव हसले नाहीत. त्यासाठी एकरभर रान विकायचीही त्यांची तयारी होती. फक्त म्हणाले, "आधी डिग्री. बँकेत कारकून व्हायला डिग्री लागती, अन् इमानाला लागणार न्हाय व्हय?"

अडचण होती सांगवीची. त्यांची थोरली बहीण प्रयागबाई तिथं दिलेली. भावाच्या लेकीवर पहिला मान आत्याचा, हे आमच्याकडं कागदावर लिहावं लागत नाही. तिच्या युवराजसाठी कौसल्येचा शब्द चारचौघांत कधीच पडला होता. आणि बहीण तरी कसली? आई गेल्यावर सर्जेरावांना तिनंच कडेवर वागवलेलं. तिच्यापुढं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तोंड उघडलं, "आक्का, पोरीची डिग्री हुस्तोवर थांब. तीनच वर्षं." भावकीनं नावं ठेवली, युवराजला चार चांगली स्थळं सांगून आली, तरी ती थांबली. डिग्री हातात पडली की पोरगी विमानात बसणार, मग आक्का कशाला काय म्हणतीय, असं सर्जेराव धरून चालले होते.

अठ्ठ्याण्णव साली कौसल्या बी.एस्सी. झाली आणि बापलेक बारामतीला गेले. तिथल्या साहेबांनी कागद चाळले आणि बी.एस्सी.चा अलगद बाजूला ठेवला.

"हा लागत नाही. बारावीला फिजिक्स आणि गणित असलं की झालं. मार्क तर छान आहेत. तीन वर्षं कुठं होता?"

सर्जेरावांनी तो कागद उचलून परत पिशवीत घातला. "आता शिकायचं तर किती दिस लागतील?"

"दीड-दोन वर्षं धरा. आणि डिग्री काही वाया जात नाही हो. उद्या डोळ्यात दोष निघाला तर तीच कामाला येते," साहेब समजुतीनं म्हणाले.

पोरीला एस्टीत बसवून ते तसेच सांगवीला गेले. प्रयागबाईनं लग्नासाठी भिंती सारवायला काढल्या होत्या.

"आक्का, अजून दोन वर्षं..."

"तीन मागितलीस, दिली. युवराज अठ्ठावीसचा झाला, सर्जा. आता मी कुणाकुणाचं तोंड धरू?" ती चिडली नाही. पदरानं डोळे पुसले. "अन् मला आता भाकरी बी थापवत न्हाय."

शब्द मोडायचा होता, असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. बोलायला काय जातंय! ज्या बाईनं भरवून मोठं केलं, तिच्या दारात उभं राहून म्हणून दाखवा म्हणावं.

घरी आल्यावर कौसल्येनं त्यांचं तोंड बघूनच ओळखलं. सर्जेराव ओट्यावर टेकले.

"चुकलं माझं, बाळा. बारामती काय लांब हुती? तवाच जाऊन इचारायला पायजे हुतं."

"डिग्री लागती असं तुमाला कुणी सांगितलं हुतं?"

"कुणीच न्हाय. मला आपलं वाटलं."

ती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"मी शिकलेली हुते, आबा," ती म्हणाली. "तुमी म्हनला म्हनून मी बी इचारलं न्हाय."